घरून आणा

आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात आता दारातला कॅमेरा पेशंटचा चेहरा ओळखतो, रक्ताच्या पिशव्या जिल्ह्याहून ड्रोनने येऊन गच्चीवर उतरतात आणि अँब्युलन्सला ड्रायव्हर लागत नाही. तरी केसपेपरच्या खिडकीवर एक प्रश्न अजून माणसालाच विचारावा लागतो, आणि तो विचारायला मी बसते.

"मोबाईल नंबर?"

बाई पोट सावरत समोर उभी असते. प्रश्न तिला असतो, उत्तर तिच्या मागून येतं. नवरा, दीर, सासरा, जो कोण सोबत आला असेल तो स्वतःचा नंबर घडाघडा सांगतो. "तुमचा स्वतःचा नाही का?" असं बाईला विचारलं तर ती मागे वळून बघते. मागे रांग असते, कुणाचं तरी मूल रडत असतं. मी ऐकलेला नंबर टाइप करते आणि पुढच्याला बोलावते.

माझ्या सासूबाई, शैलजा गुरव, याच रुग्णालयात बाळंतपणाच्या वॉर्डच्या इन्चार्ज. घरात मी त्यांना आई म्हणते, वॉर्डात सगळ्यांसारखं गुरव सिस्टर. बाई बोलायला फटकळ, पण हात असा की भेदरलेली पहिलटकरीणसुद्धा त्यांनी कपाळावर हात ठेवला की गप्प होते. या बाईने अख्खी नोकरी एका गोष्टीसाठी भांडण्यात घालवली.

रुग्णालय सलाइन देतं, टाक्याचा दोरा देतं, सकाळी दूध आणि अंडं देतं. पण बाळंतिणीला लागणाऱ्या पॅडचं नाव काढलं की "घरून आणा". अपेंडिक्सच्या ऑपरेशनला आलेल्या मुलीची पाळी मधेच आली, तरी "घरून आणा". मग नातेवाईक मेडिकलवर पळणार. दुकानदार पुडा वर्तमानपत्रात गुंडाळून वर काळी पिशवी देणार, चोरीचा माल असल्यासारखा. ज्यांना तेही जमत नाही त्या जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन निमूट पडून राहणार. रुग्णालयाला नवीन साहेब आले की आई पहिल्याच आठवड्यात त्यांच्या खोलीत जायच्या.

"साहेब, पाय मोडलेल्याला प्लॅस्टर घरून आणा म्हणता का हो?"

"सिस्टर, त्यात फरक आहे," एक साहेब म्हणाले होते.

"आहे ना. पाय पुरुषाचाही मोडतो," आई म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

ही गोष्ट त्या इतक्या वेळा सांगत, की माझा नवरा रणजित शेवटचं वाक्य त्यांच्या आधी म्हणून टाकायचा.

शेवटी पॅड आले. एक कंपनी फुकट द्यायला तयार झाली, वॉर्डातल्या प्रत्येक बाईला, लागतील तितके. नाव होतं 'निगा'. अट एवढीच, की रुग्णालयाने दुसरे कुठले पॅड घ्यायचे नाहीत आणि निगाने गोळा केलेली माहिती कंपनीला वापरू द्यायची. साहेबांनी लगेच होकार दिला. त्या दिवशी आईंनी सगळ्या वॉर्डाला पेढे वाटले.

निगा दिसायला साधा पॅड. पण कापसाखाली एक पातळ पडदा असतो आणि त्यात चांदीच्या बारीक तारा विणलेल्या असतात. रक्त खारट असतं, त्यामुळे त्यातून वीज वाहते. पॅड जितका भिजेल तितकी जास्त वीज वाहणार, आणि त्यावरून किती रक्त गेलं ते कळणार. बाळंतपणानंतर बायका मरतात त्या बहुतेक रक्त जाऊन. आणि ते पांघरुणाखाली, गुपचूप जातं. बाई दमून झोपलीय असं सगळ्यांना वाटत राहतं. निगामुळे नर्सच्या टेबलावरच्या पडद्यावर प्रत्येक खाटेचा एक दिवा आला. सगळं ठीक असेल तर हिरवा, रक्त जास्त जाऊ लागलं की लाल, आणि सोबत घंटा.

दुसरी करामत त्याहून बारीक होती. पॅडमधल्या पडद्यात केसाएवढ्या नळ्या असतात. वातीतून तेल चढावं तसा रक्ताचा थेंब त्यांतून आपोआप चढतो आणि टोकाला असलेल्या औषधाच्या ठिपक्यांपाशी पोचतो. एक ठिपका हिमोग्लोबिन सांगतो, एक साखर, एक जंतुसंसर्ग आणि चौथा ठिपका, दिवस गेलेत का ते. सुई न टोचता रक्ततपासणी, तीही दर महिन्याला आणि फुकट. अहवाल आपोआप नोंदवलेल्या मोबाईलवर जातो. "फक्त नोंदणीकृत नंबरवर, त्यामुळे संपूर्ण गोपनीय," असं कंपनीचा माणूस प्रशिक्षणात म्हणाला. मी मागच्या खुर्चीवर बसून नंबर कुणाचे आहेत ते आठवत होते.

पहिल्याच महिन्यात एका बाईचा दिवा लाल झाला. ती शांत झोपलेली दिसत होती. घंटा झाली नसती तर ती गेलीच असती. आई घरी आल्या, चहा न घेता सोफ्यावर बसल्या आणि रडल्या. "इतकी वर्षं मी नुसते पॅड मागत होते गं. हे तर देवानं डोळे लावून पाठवलेत." मलाही भरून आलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून कुणी म्हणेल की यंत्रच वाईट. यंत्र वाईट नव्हतं.

बाळंत होऊन घरी गेलेल्या बायकांना दर महिन्याला निगा मिळू लागले, आणि कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनाही. मी कंत्राटी, म्हणून माझे पुडे आईंच्या नावावर यायचे आणि माझा अहवाल आईंच्या मोबाईलवर. जेवताना चष्मा लावून त्या वाचायच्या. "केतकी, हिमोग्लोबिन खाली आलंय. उद्यापासून बीट." रणजित हसायचा. मीही हसायचे. पण अहवाल आला म्हणजे पाळी आली, आणि पाळी आली म्हणजे याही महिन्यात काही नाही, हे तिघांनाही कळायचं. आई त्यावर अवाक्षर बोलायच्या नाहीत. बिटाची कोशिंबीर मात्र जरा जास्त जोरात वाढायच्या.

त्यांना माहीत नव्हतं ते असं, की काही होणारच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं होतं. मुलगी होती. त्यानंतर सगळे म्हणाले, "होईल गं पुन्हा." रणजितही म्हणाला. मला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही, आणि मला तर नुसत्या विचाराने घाम फुटायचा. मी शेजारच्या जिल्ह्यात जाऊन कॉपर-टी बसवून आले आणि गप्प बसले. धीर आला की काढू, तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग निगाच्या नव्या पुड्यांत आणखी एक ठिपका आला. तांब्याचा.

कल्पना डॉक्टरांचीच होती. बाळंतपणानंतर लगेच बसवलेली कॉपर-टी कधी कधी सरकून पडते आणि बाईला पत्ता लागत नाही. कॉपर-टीच्या तांब्याचा अगदी थोडा अंश स्रावात उतरत राहतो, तो हा ठिपका पकडतो. तांबं दिसलं तर कॉपर-टी जागेवर आहे, दिसेनासं झालं तर तपासून घ्या. चांगली गोष्ट. मी प्रशिक्षणातून उठले आणि बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. पुढच्या पाळीला आईंच्या मोबाईलवर काय येईल ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

साधे पॅड आमच्या गावात मिळेनासे झाले होते. फुकट मिळत असताना विकत कोण घेणार? मी माझा जुना परकर फाडला. पूर्वीच्या बायका करायच्या तसंच सगळं करायला लागले. बाथरूममध्ये धुवायचं, गच्चीवर दोरीच्या कोपऱ्यात घालायचं आणि वर टॉवेल टाकायचा, म्हणजे कुणाला दिसत नाही. टॉवेलखाली वाळत कसलं, दमटच राहायचं. आणि हे शैलजा गुरवांच्या घरात!

त्या महिन्यात अहवाल आला नाही. पुढच्याही महिन्यात नाही.

एवढी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. पाण्याची बादली उचलायला गेले तर आईंनी हातातून घेतली. "राहू दे. रणजित उचलेल." ताटात तुपाची धार वाढली. एका संध्याकाळी त्या कपाट उघडून जुन्या सुती साड्या काढत होत्या, धुऊन धुऊन लोण्यासारख्या मऊ झालेल्या. त्यांचे चौकोन कापून, कडा शिवून त्यांनी चळत लावली. बाळाची दुपटी. मला बघितल्यावर चळत पदराखाली घेतली आणि लाजल्या. "मी काही विचारत नाहीये. तू सांगशील तेव्हाच."

खरं बोलावं तर कॉपर-टी सांगावी लागणार, खोटं बोलावं तर पोट कुठून आणू? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. वर प्रत्येक बुक्की मायेची.

त्याच सुमारास रेणुका आली. दोन मुली, दोन्ही सिझेरियनच्या, आता तिसरी वेळ. सोबत नवरा, नीटनेटका, अदबीने बोलणारा. त्याने नंबर सांगितला, मी टाइप केला. तिसरीही मुलगी झाली. चौथ्यांदा दिवस गेले तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रेणुकाने ऑपरेशन टेबलावरच आईंचा हात धरून सांगितलं, "सिस्टर, बसवून टाका. घरात सांगू नका." आईंनी डॉक्टरांकडून कॉपर-टी बसवून घेतली. तिचं संमतीपत्र पुरे होतं.

दोन दिवसांनी मी खाटांवरचे बारकोड तपासायला वॉर्डात गेले, तर रेणुकाने माझी ओढणी धरली.

"ताई, ह्ये पॅड नवऱ्याच्या फोनवर सांगतंय म्हंत्यात. खरं हाय का?"

शेजारच्या खाटेवरची जयमाला हसली. "आमच्यात हिला चुगलीच म्हंत्यात. चुगली लावली का, चुगली बदलली का."

"काय सांगतं ते?" मी उगीच विचारलं.

"तांबं. आज-उद्या कळंल म्हंत्यात. त्यांच्या घरात कळलं तर काढून टाकाय लावतील, ताई. मला चौथं न्हाई सोसायचं. तुम्ही नंबर बदला की तेवढा."

मी खिडकीवर येऊन तिचं पान उघडलं. नंबर बदलायचा तर जुन्या नंबरवर ओटीपी जातो. म्हणजे नवऱ्यापासून लपवायला नवऱ्याचीच परवानगी. मी पान बंद केलं आणि तिला निरोप पाठवला, की सिस्टरांशी बोलते. पण घरी गेल्यावर आईंनी ताटात तूप वाढलं आणि मी बोललेच नाही. तांबं हा शब्द त्या घरात माझ्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. उद्या वॉर्डातच सांगू असं ठरवलं.

रेणुका आणि जयमालाने त्यांचा मार्ग आधीच काढला होता. रेणुकाच्या नावाचा पॅड जयमालाने स्वतःच्या पॅडशी आलटूनपालटून लावला आणि रेणुकाने उशाखालच्या लुगड्याचा तुकडा घेतला. जयमालाचं अंगावरून जाणं बेताचं होतं. पडद्यावर रेणुकाचा दिवा हिरवागार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईंना शोधत वॉर्डात शिरले, तेव्हा त्या रेणुकाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. जाता जाता तिच्या पायाला हात लागला होता आणि पाय गार होता. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं. हिरवा. मग पांघरूण बाजूला केलं.

मी तिथं जे पाहिलं ते सांगत नाही. आई ओरडल्या, डॉक्टर धावत आले, आईंनी मूठ वळून पोट दाबून धरलं आणि ऑपरेशन थिएटरपर्यंत ती तशीच धरून ठेवत स्ट्रेचरबरोबर पळाल्या. ड्रोन पुन्हा पुन्हा गच्चीवर उतरत राहिला. जयमाला भिंतीला टेकून उभी होती. "मी फकस्त तिचं काम केलं ओ... मी फकस्त..."

रेणुका वाचली. गर्भाशय काढावं लागलं. जी गोष्ट लपवण्यासाठी हा सगळा खटाटोप केला, त्या गोष्टीला आता जागाच उरली नव्हती.

तिचा नवरा माझ्या खिडकीवर आला. चेहरा पांढरा पडला होता. आरडाओरडा नाही की शिवीगाळ नाही. त्याने मोबाईल काचेला टेकवून धरला.

"मॅडम, मला तर सकाळीच मेसेज आलाय. सगळं ठीक हाय म्हणून. ह्ये बघा की."

खरंच आला होता. रक्तस्राव बेताचा, संसर्ग नाही, तांबं आढळलं नाही. हिरव्या अक्षरांत होतं. तो बराच वेळ तो मोबाईल तसाच धरून उभा होता.

दुपारी साहेबांच्या खोलीत बैठक झाली, नोंदणीचं बघते म्हणून मलाही बोलावलं होतं. कंपनीच्या माणसाला दुःख झालं होतं, पण घाबरायचं कारण नव्हतं. पुढच्या खेपेचा पॅड रक्तावरून बाईच ओळखणार होता. दुसरीने लावला तर लगेच कळणार. म्हणजे असा प्रकार पुन्हा होणार नाही.

"प्रकार पॅडनं नाही झाला," आई म्हणाल्या. "रक्त मोजा. दिवे लावा, घंटा वाजवा. माझी काही तक्रार नाही. बाकीचं वॉर्डाबाहेर जाऊ देऊ नका. आणि ज्या बाईला नको तिच्यासाठी साधे पॅड ठेवा."

"माहितीच्या बदल्यातच तर ते फुकट आहेत, सिस्टर," साहेब म्हणाले. "दुसरे ठेवले तर करार मोडतो. मग पुन्हा घरून आणा. तुम्हाला चालेल?"

आईंना भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण ही भीक बायकांचे जीव वाचवत होती.

घरी आल्यावर त्या हातपाय धुऊन गच्चीवर गेल्या. ऊन अजून होतं. मी भाजी निवडत होते आणि एकदम आठवलं, दोरीवरचे कपडे! धावत वर गेले तर आईंच्या एका हातात टॉवेल होता. दोरीवर माझ्या परकराच्या पट्ट्या लोंबत होत्या.

त्यांनी एक पट्टी बोटांनी चाचपून पाहिली. नर्सच ती. काही विचारावं लागलं नाही. चेहऱ्यावरून आधी नातवंडाची आशा गेली. मग बहुधा रेणुका आठवली, आणि त्या कठड्याला धरून खाली बसल्या.

"तुझ्यातही तांबं?"

"हो."

"कधीपासून?"

"बाळ गेल्यापासून." आणि मग मला थांबता येईना. "आई, मला भीती वाटते. पाळी चुकली असं नुसतं मनात आलं तरी मला ते थिएटर दिसतं. तिला कापडात गुंडाळून नेलं ते दिसतं. तुम्ही सगळे म्हणालात होईल पुन्हा. मला व्हायला नको होतं. अजूनही नकोय. कधी हवं वाटेल ते मला माहीत नाही."

आई टॉवेलची घडी करत राहिल्या, मोडत राहिल्या. "माझ्यापासून लपवलंस."

"तुमच्याच फोनवर येणार होतं."

ते त्यांना लागलं. लागणारच होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मग त्यांनी विचारलं, "रणजितला माहीत आहे?"

"नाही. पण सांगेन. मी सांगेन. फोन नाही सांगणार."

त्या उठल्या आणि खाली गेल्या. रात्री जेवल्या नाहीत. मी रणजितला त्याच रात्री सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून झोपला आणि अजून माझ्याशी धड बोलत नाही. त्याचं काय होईल ते मला माहीत नाही.

सकाळी चहाला आले तर ओट्यावर दुपट्यांची चळत होती. आईंनी शिवलेल्या कडा उसवल्या होत्या आणि प्रत्येक चौकोनाच्या लांब पट्ट्या कापल्या होत्या. कात्री शेजारीच होती. डोळे सुजलेले होते. रडल्या होत्या आणि कापत बसल्या होत्या.

"हे घे," त्या म्हणाल्या. "तो परकर खरखरीत आहे, कातडी सोलेल. वापरलं की उकळून घ्यायचं. आणि टॉवेलखाली घालायचं नाही, भर उन्हात घालायचं. दमट राहिलं की त्यानंच दुखणी होतात. कुणी बघितलं तर बघू दे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. अर्धी चळत माझ्यासमोर ठेवली, उरलेली अर्धी पिशवीत भरली आणि पिशवी खांद्याला लावून त्या ड्युटीला निघाल्या, मागोमाग मीही. रुग्णालयाच्या दारात साहेब भेटले. फुगलेली पिशवी बघून त्यांनी विचारलं, "काय आणलंत एवढं, सिस्टर?"

"नको म्हणणाऱ्या बायकांसाठी. आधी वाफेवर निर्जंतुक करून घेईन. आणि त्यांच्या खाटेला दिवा नाही, म्हणून मी स्वतः उठून बघत जाईन."

"अहो, पण हे दिलं कुणी?"

आई न थांबता पुढे गेल्या. जाता जाता एवढंच म्हणाल्या, "घरून आणलंय."

मी खिडकी उघडली. समोर पोट सावरत एक बाई उभी होती, मागे तिचा दीर. मी पुढे वाकून आधी त्याला पाणी आणायला पाठवलं, आणि मग तिला विचारलं.